फिरत्या घरातील पाणी आणि उत्तरेचा हिवाळा

गोव्यातील घराच्या नळाला हिवाळा ठाऊक नाही. पणजीत जानेवारी महिन्यातही किमान तापमानाची सरासरी सुमारे २० अंश सेल्सिअस असते. त्यामुळे पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीवरून गेले किंवा टाकी उघड्या गच्चीवर राहिली, तरी थंडीने त्यांचे काही बिघडत नाही. याच सवयीने पाण्याची जोडणी केलेली कॅराव्हॅन डिसेंबरात उत्तरेकडे निघते, तेव्हा मात्र तिच्या पोटातले पाणीच तिचे शत्रू ठरते. मनालीत जानेवारीतील किमान तापमान सरासरीनेच शून्याखाली असते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून त्यापलीकडचे लाहौलही हिवाळी प्रवाशांच्या आवाक्यात आले आहे. अशा ठिकाणी गाडी रात्रभर उभी राहिली, तर सकाळी पंप फुटलेला, गिझर चिरलेला आणि फरशीखाली गळती लागलेली असण्याचा धोका असतो.

हे नुकसान टाळण्याचा उपाय खर्चिक नाही. पाण्याची व्यवस्था गोठणाऱ्या प्रदेशात शिरण्यापूर्वीच पूर्ण रिकामी करणे, एवढेच त्याचे सार आहे. हे काम कोठे, कोणत्या क्रमाने आणि कोणती दक्षता घेऊन करावे, याची माहिती येथे दिली आहे.

थांबा इंदूरचाच का?

राष्ट्रीय महामार्ग ५२ हा कारवारच्या दक्षिणेस असलेल्या अंकोल्यापासून हुबळी, विजापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, जयपूर, हिसार या मार्गाने पंजाबातील संगरूरपर्यंत जातो. बेळगाव, पुणे, नाशिक अशी वाट धरणारा गोमंतकीय प्रवासीही धुळ्याला याच रस्त्यावर येतो. सेंधव्यानंतर खलघाट येथे नर्मदा ओलांडली की रस्ता घाट चढून माळव्याच्या पठारावर येतो. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील इंदूर हे गोवा आणि मनाली यांच्या साधारण निम्म्या वाटेवर आहे.

हवामानाच्या दृष्टीनेही हे शहर मधल्या पायरीवर आहे. जानेवारीतील सरासरी किमान तापमान पणजीत २० अंश, तर इंदुरात सुमारे १० अंश. थंडीच्या लाटेत पारा आणखी उतरतो. १९३५ च्या जानेवारीत तर येथे उणे १.१ अंशाची नोंद झाली होती. तरी दुपार ऊबदार असते आणि पाइपातील पाणी प्रवाही असते. या कामासाठी हीच स्थिती हवी. मनालीत पोहोचून टाकी रिकामी करू म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा गोठलेला कॉक येतो. शिवाय सीपीव्हीसी पाइपाचा सांधा जोडायचा झाल्यास त्याचे द्रावण कडाक्याच्या थंडीत फार सावकाश सुकते. मोठ्या शहरात नळकामाचे सुटे भाग आणि हवेचा कॉम्प्रेसर सहज मिळतात. इंदूरजवळच्या पिथमपूर औद्योगिक क्षेत्रात फोर्स मोटर्सच्या ‘ट्रॅव्हलर’ गाड्या तयार होतात. भारतात अनेक कॅराव्हॅन याच गाडीच्या सांगाड्यावर बांधल्या जातात.

फिरत्या घराची हौस इंदूरला नवी नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३० च्या दशकात माणिकबाग महाल उभारणारे जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांनी महाराजांच्या रेल्वेडब्याची आणि शिकारीच्या मुक्कामासाठी कॅराव्हॅनचीही आखणी केली होती.

पाणी पाइप कसा फोडते?

बहुतेक द्रव गोठताना आकसतात, पाणी मात्र फुगते. १०० मिलिलिटर पाण्याचे सुमारे १०९ मिलिलिटर बर्फ होते. मोकळ्या भांड्यात ही वाढ वरच्या बाजूस सामावते. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या पाइपात तिला जागा नसते. बर्फाचा खडा वाढत जातो, तसा तो उरलेले पाणी बंद नळाकडे रेटतो आणि मधल्या भागात दाब चढतो. म्हणूनच पाइप अनेकदा बर्फ झालेल्या ठिकाणी न फुटता, बर्फ आणि बंद नळ यांच्यामधील सर्वांत दुबळ्या सांध्यावर फुटतो.

पाइप फुटल्याचे त्या वेळी कळतही नाही, कारण चिरेत बर्फच बसलेले असते. ऊन पडून बर्फ वितळले आणि पंप सुरू केला की पाणी प्लायवुडच्या फरशीत आणि विजेच्या तारांवर उतरते. पेक्स जातीचा लवचीक पाइप थोडा ताणला जाऊन वाचू शकतो. पितळी नळ, प्लास्टिकचे एल्बो, गाळणीची वाटी, पंपाचे डोके आणि गिझरची टाकी यांना ती सवलत नसते.

पारा शून्यावर आल्याबरोबर सगळे गोठते असेही नाही. पाणी गोठायला काही तास लागतात आणि मोठी टाकी पातळ पाइपापेक्षा उशिरा गोठते. गाडीच्या तळाखालून गेलेले पाइप मात्र धावत्या गाडीला लागणाऱ्या वाऱ्याने लवकर थंड होतात. आत हीटर लावून माणसे उबेत झोपलेली असताना तळाखालचा पाइप गोठू शकतो, तो यामुळेच.

पाणी कोठे कोठे दडते?

काम सुरू करण्यापूर्वी गाडीतील पाण्याचा मार्ग कागदावर काढून घ्यावा. सर्वसाधारण कॅराव्हॅनमध्ये स्वच्छ पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा पंप व त्याची गाळणी, गिझर, ओट्याचा व बेसिनचा नळ, शॉवर, शौचालयाचा फ्लश, सांडपाण्याची टाकी आणि मैलापाण्याची टाकी किंवा कॅसेट असते. बाहेरून पाणी घेण्याची तोटी वेगळी असते.

टाकी रिकामी झाली म्हणजे व्यवस्था रिकामी झाली, असे मानण्यात पहिली चूक होते. पुढील जागा हमखास विसरल्या जातात.

शौचालयातील जेट स्प्रे व त्याची नळी. परदेशी माहितीपुस्तकांत तिचा उल्लेख क्वचित असतो, आपल्याकडील बहुतेक गाड्यांत मात्र ती असते. शॉवरची लोंबती नळीही याच प्रकारातली.

बॉल व्हॉल्व्ह. तो पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा असताना आतील गोळ्याच्या भोवती थोडे पाणी अडकून राहते. पाइप रिकामा करताना त्याचा दांडा काही वेळ अर्धवट, म्हणजे ४५ अंशांत ठेवावा.

बेसिनखालचा वाकडा ट्रॅप. दुर्गंध अडवण्यासाठी त्यात पाणी राहतेच. नळ उघडे ठेवून ते जात नाही.

पाणी शुद्ध करण्याचे यंत्र. त्याची गाळणी व मेम्ब्रेन काढून कोरड्या पिशवीत घालून उबेत ठेवावे. त्यातून दाबाची हवा सोडू नये.

गिझरची वेगळी गोष्ट

भारतात बांधलेल्या अनेक गाड्यांत घरगुती वापराचाच साठवणीचा गिझर बसवलेला असतो. गरम पाण्याचा नळ उघडला की तो रिकामा होतो, हा समज चुकीचा आहे. उभ्या गिझरमध्ये गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून घेतले जाते. त्यामुळे नळाला पाणी येणे थांबले तरी टाकी जवळजवळ भरलेलीच असते. तिच्यातील पाणी थंड पाण्याच्या खालच्या तोंडातूनच बाहेर काढावे लागते. तेथे बसवलेला सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही. म्हणून त्याची दांडी उचलावी लागते किंवा नळी सोडवावी लागते. हवा आत जाण्यासाठी गरम पाण्याचा एक नळ उघडा ठेवावा, म्हणजे पाणी मोकळे वाहते.

हे करण्यापूर्वी गिझरची वीज किंवा गॅस बंद करून तो पूर्ण थंड होऊ द्यावा. त्यासाठी काही तास लागतात. गरम आणि दाबाखाली असलेल्या गिझरची जोडणी सोडवणे म्हणजे भाजण्यास निमंत्रण देणे. काम झाल्यावर स्विचवर ‘टाकी रिकामी आहे’ अशी चिठ्ठी चिकटवावी. कोरड्या टाकीत विजेची कॉइल क्षणात जळते.

रिकामे करण्याचा क्रम

प्रथम सांडपाण्याची व मैलापाण्याची टाकी अधिकृत ठिकाणी रिती करावी. ऑगस्ट २०२१ मध्ये देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून इंदूरची घोषणा झाली. सांडपाणी प्रक्रियेविना नदी-नाल्यांत जाऊ नये, हा त्या मानांकनाचा गाभा आहे. कान्ह आणि सरस्वती या शहरातील नद्यांकडे जाणाऱ्या नाल्यात गाडीची टाकी मोकळी करणे हा तेथील रहिवाशांचा अपराध ठरेल. दंड झाला तर तो योग्यच म्हणावा लागेल. टाक्या रित्या झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन पुन्हा रित्या कराव्यात.

त्यानंतर गाडी किंचित उतारावर, टाकीच्या निचऱ्याचे तोंड खालच्या बाजूस येईल अशी उभी करावी. स्वच्छ पाण्याच्या टाकीचा निचरा कॉक उघडावा. मग वर सांगितल्याप्रमाणे गिझर रिता करावा. घरातील सर्व नळ, थंड व गरम दोन्ही बाजूंनी, उघडावेत. शॉवर आणि जेट स्प्रे जमिनीलगत खाली सोडून दाबून धरावेत. फ्लश काही वेळा चालवावा. पाइपांच्या सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचे कॉक असतील तर तेही उघडावेत. ते नसतील तर इंदुरातच बसवून घेणे शहाणपणाचे. शेवटी पंप अर्धा-एक मिनिट कोरडा चालवून बंद करावा. त्याची गाळणी उघडून पुसून घ्यावी.

एवढ्याने बरेचसे पाणी जाते. मात्र पाइपाच्या झोळात आणि एल्बोच्या वळणांत काही थेंब राहतात. ते घालवण्याचे दोन मार्ग आहेत: हवा आणि गोठणरोधक द्रव.

हवेने फुंकणे

बाहेरून पाणी घेण्याच्या तोटीला योग्य आट्यांचा जोड लावून कॉम्प्रेसरची हवा सोडावी. हवेचा दाब ३० ते ४० पीएसआय, म्हणजे मोटारीच्या चाकाइतकाच ठेवावा. पंक्चरच्या दुकानातील टाकीत दाब याच्या कित्येक पट असतो. दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर न लावता ती हवा सोडली, तर जे बर्फाने फुटले असते ते हवेने फुटेल.

सर्व नळ बंद करून सर्वांत दूरचा नळ आधी उघडावा. पाणी, मग तुषार आणि शेवटी कोरडी हवा येईपर्यंत थांबावे. मग त्याच्या अलीकडचा नळ घ्यावा. थंड, गरम, शॉवर, जेट स्प्रे, फ्लश असा पूर्ण फेरा दोनदा करावा. दुकानातील कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असू शकतो. मध्ये तेल अडवणारी गाळणी असावी, आणि पुढे पाणी भरताना पाइप भरपूर धुवावेत.

गोठणरोधक द्रव: नावातला फरक जीवावरचा

गाडी अनेक आठवडे थंडीत उभी राहणार असेल, तर पाइपांत गोठणरोधक द्रव भरून ठेवण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत रूढ आहे. तेथे त्यासाठी बिनविषारी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे तयार मिश्रण मिळते. आपल्याकडे याच ठिकाणी सर्वांत गंभीर चूक होऊ शकते. पेट्रोल पंपावर मिळणारे रेडिएटरचे कूलंट बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते. ते विषारी आहे. चवीला गोडसर असल्याने मुले आणि कुत्री-मांजरे ते सहज पितात, आणि ते मूत्रपिंडे निकामी करते. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात ते कोणत्याही परिस्थितीत घालू नये.

प्रॉपिलीन ग्लायकॉल घेतानाही शुद्धतेची खात्री हवी. औद्योगिक दर्जाच्या मालात डायएथिलीन ग्लायकॉल हे दुसरे विष मिसळलेले असू शकते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. २०२५ साली मध्य प्रदेशातीलच छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुलांचे प्राण घेतले, तेही डायएथिलीन ग्लायकॉलमुळेच. म्हणून भारतीय औषधसंहितेचे ‘आयपी’ हे चिन्ह, उत्पादन-गट क्रमांक आणि मूळ सील असलेला डबाच घ्यावा. सुटा माल स्वस्त मिळाला तरी नाकारावा. खात्रीचा माल न मिळाल्यास द्रवाचा नाद सोडून हवेवरच भागवावे. नीट फुंकलेल्या पाइपांना द्रवाची गरज सहसा पडत नाही.

शुद्ध ग्लायकॉल पाण्यात किती मिसळावे, हे अपेक्षित थंडीवर ठरते. आकारमानाने ३० टक्के ग्लायकॉल असलेले मिश्रण सुमारे उणे १३ अंशांपर्यंत, ४० टक्क्यांचे सुमारे उणे २१ अंशांपर्यंत आणि ५० टक्क्यांचे सुमारे उणे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही. पाइपात आधीचे पाणी राहिले तर मिश्रण पातळ होऊन हे आकडे चुकतात. द्रव वापरायचा असला तरी निचरा आधीच पूर्ण करावा लागतो, तो यासाठी. मिश्रणात खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाकले की ते नळाला पोहोचल्याचे डोळ्यांना दिसते.

गिझरला बायपास देऊन पंपाची चोषण नळी द्रवाच्या कॅनमध्ये सोडावी आणि एकेक नळ रंगीत द्रव येईपर्यंत उघडावा. बायपास असल्यास मध्यम आकाराच्या गाडीला ८ ते १२ लिटर मिश्रण पुरते. बायपास नसेल तर गिझरची टाकी भरण्यातच त्याहून अधिक द्रव वाया जाऊ शकतो. शेवटी प्रत्येक ट्रॅपमध्ये पेलाभर द्रव ओतावा. पाइप केवळ हवेने फुंकले असतील, तर ट्रॅपमधील पाणी खालचे झाकण उघडून काढावे.

गोठत्या मुक्कामात राहायचे असेल तर

लाहौल, स्पिती किंवा लडाखात मुक्काम करताना पाण्याची व्यवस्था कोरडीच ठेवणे सर्वांत सुरक्षित. लडाख आणि स्पितीतील पारंपरिक घरांत पाण्याविना चालणारी कोरडी शौचालये आहेत, त्यामागे हाच विचार आहे. पिण्याचे पाणी झाकणाच्या कॅनमध्ये, गाडीच्या आतल्या बाजूस ठेवावे. कॅन काठोकाठ भरू नये, फुगण्यास जागा ठेवावी. भांडी धुण्यासाठी बादली आणि तांब्या पुरतात.

टाकीचे पाणी वापरणे अपरिहार्य असल्यास टाकी व पाइप उष्णतारोधक फोममध्ये गुंडाळावेत. फोम थंडीला उशीर लावतो, ऊब निर्माण करत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. ओट्याखालची कपाटे रात्री उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतील ऊब पाइपांपर्यंत पोहोचते. गोठलेला पाइप उघड्या ज्योतीने कधीही तापवू नये. नळ उघडा ठेवून कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने, नळाच्या बाजूने मागे मागे शेकत न्यावे.

पाइप वाचवण्याच्या धडपडीत माणूस गमावू नये. बंद गाडीत शेगडी, निखाऱ्यांची सिगडी किंवा धूर बाहेर नेण्याची सोय नसलेला गॅस गिझर लावला, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र गाडीत असावे आणि वायुवीजनाची झडप थंडीतही उघडी राहावी.

परतीनंतर

थंड प्रदेश मागे पडला की परतीच्या वाटेवर व्यवस्था पुन्हा भरावी. आधी सर्व कॉक व गाळण्या जागेवर बसल्याची खात्री करावी. मग टाकीत थोडे पाणी घेऊन नळांतून ते स्वच्छ, बिनरंगी येईपर्यंत पाइप धुवावेत. ग्लायकॉलमिश्रित पाणी ओढ्या-नाल्यात सोडू नये. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरते.

त्यानंतर निर्जंतुकीकरण करावे. सुमारे ५ टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट १०० लिटर पाण्याला १०० मिलिलिटर या प्रमाणात टाकीत घालावे. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडून चार तास तसेच राहू द्यावे. नंतर सगळे पाणी काढून वास जाईपर्यंत दोन-तीनदा धुवावे. सुगंधी किंवा साबणयुक्त ब्लीच यासाठी चालत नाही.

शेवटची परीक्षा गळतीची. गिझर पूर्ण भरून घ्यावा, सर्व नळ बंद करून पंप सुरू करावा. दाब भरला की तो आपोआप थांबतो. काही मिनिटांनी कोणीही नळ न उघडता पंप पुन्हा चालू झाला, तर पाणी कोठेतरी झिरपत आहे असे समजावे. फरशीखाली, पंपाजवळ आणि गिझरच्या मागे कोरडा कागद ठेवून ओल शोधावी. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज गिझरची वीज सुरू करू नये.

गोव्यात परतल्यावर गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तरी हाच निचरा उपयोगी पडतो. तेथे बर्फाचे भय नसले तरी साचलेल्या उबदार पाण्यात शेवाळ, बुरशी आणि जंतू वाढतात. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी टाकी, गिझर आणि पाइप पुन्हा एकदा रिकामे करून, सर्व नळ उघडे ठेवूनच गाडीवर आच्छादन घालावे.